ऑइलमध्ये पेट्रोल उतरलंय हे गल्लीतला मेकॅनिक ओळखतो, त्यामागे सोलापूरच्या वालचंदशेठचा हट्ट आहे

गाडीचं ऑइल कमी झालं की माणूस घाबरतो. पण ऑइल वाढलं तर?

बरेच जण म्हणतील, बरंच झालं की, टॉप-अपचे पैसे वाचले. इथेच घोळ होतो. इंजिनात ऑइल आपोआप कधीच वाढत नाही. डिपस्टिकवरची खूण महिन्याभरात वर सरकली असेल, तर आत काहीतरी दुसरं मिसळतंय. आणि बऱ्याचदा ते दुसरं म्हणजे पेट्रोल असतं.

जुन्या फियाटवर हात बसलेला मेकॅनिक अशा वेळी कॉम्प्युटर लावत नाही. तो डिपस्टिक काढतो, ऑइलचा थेंब दोन बोटांत चोळतो, नाकाशी नेतो आणि सांगतो की एसी पंपाचा डायफ्राम फाटलाय. बहुतेक वेळा त्याचं बरोबर निघतं.

ही विद्या त्याला कुठल्या कॉलेजात मिळाली नाही. ती मिळाली एकाच गाडीमुळे. थोडेफार बदल होत का होईना, पण तेच इंजिन घेऊन ही गाडी चाळीसहून जास्त वर्षं रस्त्यावर येत राहिली. आधी तिला फियाट म्हणायचे, मग प्रीमियर पद्मिनी. ती ज्या कारखान्यातून बाहेर पडायची तो मुंबईतल्या कुर्ल्याचा कारखाना उभा करणारा माणूस जन्मला होता सोलापुरात. शेठ वालचंद हिराचंद दोशी.

नुसती मोटार विकायची असती तर वालचंदशेठना एवढा त्रास झाला नसता. त्यांचं म्हणणं होतं की गाडी इथेच बनली पाहिजे, तिचे भाग इथेच तयार झाले पाहिजेत. या हट्टापायी त्यांची आयुष्याची शेवटची पंधरा वर्षं गेली. आणि त्याचं फळ मात्र त्यांना बघायला मिळालं नाही.

पेढीवर मन रमेना

२३ नोव्हेंबर १८८२. सोलापुरात हिराचंद नेमचंद दोशी यांच्या घरी वालचंद यांचा जन्म झाला. घराणं दिगंबर जैन, मूळचं गुजरातमधलं. व्यापारासाठी सोलापुरात आलं आणि इथलंच झालं. कापसाचा व्यापार आणि सावकारी हे घरचे धंदे.

सोलापूर तेव्हा वाढत होतं. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६० सालीच सोलापूरला पोचली होती. १८७० च्या दशकात जुनी मिल सुरू झाली होती. कापूस, सूत, गिरणी आणि रेल्वे या चार गोष्टींवर गाव उभं राहत होतं. वालचंद यांचं लहानपण त्यातच गेलं.

शिक्षणासाठी ते मुंबईला आणि पुण्याला गेले, पण पदवी काही पूर्ण झाली नाही. परत आल्यावर घरच्यांची साधी अपेक्षा होती. पेढीवर बसावं, व्याजाचा हिशोब बघावा. वालचंद यांचं त्यात मन रमलं नाही. त्यांना काहीतरी उभं करायचं होतं.

तेव्हा त्यांना भेटले लक्ष्मण बळवंत फाटक. फाटक आधी रेल्वेत कारकून होते. रेल्वेची कंत्राटं कशी निघतात, कामं कशी होतात, हे त्यांना आतून माहीत होतं. वालचंद यांच्याकडे भांडवल आणि हिंमत होती. १९०३ च्या सुमाराला दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या वाढीव मार्गाचं काम घेतलं.

बार्शी लाइट म्हणजे अडीच फुटी रुंदीच्या रुळांवरून धावणारी छोटी गाडी. सोलापूर, पंढरपूर, बार्शी भागातल्या जुन्या माणसांना ती आजही आठवते. पेढीवरचा एक मुलगा मातीकामाचे, खडीचे आणि रुळांचे हिशोब शिकला तो या गाडीच्या मार्गावर.

पुढे हे काम वाढत गेलं. फाटक-वालचंद कंपनी, मग टाटा कन्स्ट्रक्शन, मग १९२६ साली हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी. बोर घाटातले रेल्वेचे बोगदे त्यांच्या हाताखाली झाले. कंत्राटदार म्हणून वालचंद यांचं नाव देशभर झालं.

जहाज आपलं, पण समुद्र दुसऱ्याचा

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा भारताचा सगळा सागरी व्यापार ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर चालत होता. माल आपला, बंदर आपलं, भाडं मात्र त्यांचं.

१९१९ साली वालचंद यांच्या कानावर आलं की ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचं लॉयल्टी नावाचं जहाज विकायचं आहे. ते मूळचं एम्प्रेस ऑफ इंडिया, महायुद्धात रुग्णालय म्हणून वापरलेलं. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्या साथीने त्यांनी ते घेतलं. कंपनीचं नाव ठेवलं सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघालं. आजही ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो तो या प्रवासामुळे.

पण ब्रिटिश कंपन्या गप्प बसणाऱ्या नव्हत्या. त्यांनी भाडी पाडली. सिंधियाचं कंबरडं मोडायचा तो सरळ प्रयत्न होता. शेवटी १९२३ साली तडजोड करावी लागली आणि काही वर्षांसाठी सिंधियाला किनाऱ्यालगतच्या वाहतुकीवर समाधान मानावं लागलं.

वालचंद यातून एक गोष्ट शिकले. जहाज विकत घेऊन भागत नाही. ते बांधता आलं पाहिजे, दुरुस्त करता आलं पाहिजे. नाहीतर ज्याच्याकडून घेतलं त्याच्या दारात आपण कायम उभे. पुढे विशाखापट्टणमला त्यांनी जहाजबांधणीचा कारखाना काढला. २१ जून १९४१ रोजी राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. स्वतंत्र भारतात बांधलेलं जलउषा हे जहाज १४ मार्च १९४८ रोजी याच कारखान्यातून पाण्यात उतरलं. जवाहरलाल नेहरू त्या वेळी हजर होते.

मधल्या काळात पुणे जिल्ह्यात कळंबजवळ वालचंदनगर उभं राहिलं, मालेगाव तालुक्यात रावळगाव. ऊस, साखर आणि पुढे रावळगावच्या गोळ्या.

मोटारीसाठी गेले आणि विमान घेऊन आले

मोटारीची गोष्ट सुरू होते १९३० च्या दशकात.

तोवर भारतात गाड्या तयार होत नव्हत्या, फक्त जोडल्या जात होत्या. जनरल मोटर्सने १९२८ सालीच मुंबईत जोडणीचा कारखाना काढला होता. परदेशातून पेट्या यायच्या. त्यातले भाग इथे एकमेकांना जोडायचे, रंग मारायचा, विकायचं. इंजिन बंद पेटीतून यायचं. त्यातला एखादा भाग गेला तर नवा भाग बोटीने येईपर्यंत गाडी उभी.

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी याविरुद्ध आवाज उठवला होता. त्यांनी मोटार कारखान्याची योजना मांडली आणि वालचंद यांनी ती उचलून धरली. १९३९ साली वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी केली, ती फिसकटली. शेवटी १९४० साली क्रायस्लर कंपनीशी करार झाला.

गंमत म्हणजे या अमेरिकावारीहून परतताना त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकी माणसाशी पडली. पॉली विमानांच्या धंद्यात होता, चीनमध्ये त्याचं काम चालायचं. बोलता बोलता भारतात विमानाचा कारखाना काढायची कल्पना निघाली. म्हैसूर संस्थानाने साथ दिली आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरात हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी सुरू झाली. आजची एचएएल ती हीच. युद्ध जवळ आल्यावर १९४२ साली सरकारने ती स्वतःच्या ताब्यात घेतली.

म्हणजे विमानाचा कारखाना निघाला, कारण युद्धासाठी इंग्रजांना विमानं हवी होती. मोटार मात्र अडली. युद्धाच्या काळात मोटार कारखाना ही सरकारच्या लेखी गरजेची गोष्ट नव्हती. करार हातात होता, पैसा होता, परवानगी नव्हती.

कुर्ल्याचा कारखाना

वालचंद थांबले नाहीत. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्याला कारखाना उभा केला. तोवर बिर्लांची हिंदुस्तान मोटर्सही निघाली होती. स्वातंत्र्य मिळालं त्या सुमाराला कुर्ल्यातून डॉज, प्लायमाउथ या गाड्या आणि फार्गोचे ट्रक बाहेर पडू लागले.

सुरुवात अर्थात जोडणीनेच झाली. पण इथे उद्देश वेगळा होता. आज दहा भाग इथले, उद्या वीस, परवा पन्नास, असं करत करत गाडी इथली करायची. हे बोलायला सोपं आहे. इंजिनाचा ब्लॉक ओतायचा तर तशी भट्टी लागते. क्रँकशाफ्ट घासायचा तर तशी यंत्रं लागतात. पिस्टनच्या रिंगा, बेअरिंग, कार्ब्युरेटर, पंप हे सगळं बनवणारे लहान कारखाने आजूबाजूला उभे राहावे लागतात. एकट्या कंपनीचं ते काम नव्हतंच.

आणि नेमक्या याच वेळी शरीराने साथ सोडली. १९४९ साली वालचंद यांना अर्धांगवायूचा झटका आला. १९५० मध्ये ते कामातून बाजूला झाले. शेवटच्या दिवसांत पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची सेवा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूर इथे ते गेले. वय ७०.

त्याच १९५३ साली सरकारने ठरवलं की ज्यांच्याकडे गाडी इथेच बनवायची योजना आहे, त्यांनाच या धंद्यात राहता येईल. नुसती जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. वालचंद पंधरा वर्षं जे मागत होते तेच धोरण झालं, पण ते नव्हते. पुढच्याच वर्षी, १९५४ साली, कुर्ल्यातून फियाट ११०० येऊ लागली.

तीच ही गाडी. १०८९ सीसीचं, चार सिलेंडरचं इंजिन. १९७० च्या दशकात तिला प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळालं. २००० च्या आसपास तिचं उत्पादन थांबलं. मुंबईची काळी-पिवळी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली.

पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं कसं?

आता सुरुवातीच्या त्या एसी पंपाकडे येऊ. नाव एसी असलं तरी थंड हवेशी त्याचा संबंध नाही. मागच्या टाकीतलं पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरला देणाऱ्या पंपाला गॅरेजमध्ये एसी पंप म्हणतात.

फियाटमध्ये हा पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असतो. आतला कॅमशाफ्ट फिरला की पंपाची दांडी हलते आणि आतला एक पडदा खाली-वर होतो. हा पडदा म्हणजे डायफ्राम. त्याच्या एका अंगाला पेट्रोल, दुसऱ्या अंगाला इंजिनाची पोकळी. मध्ये तेवढा एक पडदाच.

पडदा जुना झाला, कडक झाला, चिरला की पेट्रोल थेंबाथेंबाने खाली ऑइल चेंबरमध्ये उतरतं. वाईट गोष्ट अशी की गाडी चालूच राहते. कार्ब्युरेटरला पुरेसं पेट्रोल मिळत असतं, त्यामुळे चालवणाऱ्याला काही कळत नाही. फक्त अॅव्हरेज घटतं.

पेट्रोल उतरायचा दुसरा रस्ता वरून. सकाळी ओढलेला चोक तसाच राहिला, कार्ब्युरेटरमधली सुई नीट बसेना, एखादा प्लग ठिणगी टाकेना, तर न जळलेलं पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरून ऑइलचा थर धुवून काढतं आणि रिंगांच्या फटीतून खाली जातं. रिंगा झिजलेल्या असतील तर आणखी लवकर.

मग होतं काय? आमटीत पाणी घातल्यासारखं ऑइल पातळ होतं. ऑइलचं खरं काम म्हणजे फिरणाऱ्या दोन भागांच्या मध्ये थर धरून ठेवणं. पातळ ऑइल तो थर धरू शकत नाही. लोखंड लोखंडाला घासतं, बेअरिंग खराब होतात आणि दोन-अडीचशे रुपयांच्या दुरुस्तीसारखी वाटणारी गोष्ट इंजिन उघडण्यावर जाते. शिवाय चेंबरमध्ये पेट्रोलची वाफ कोंडते, तिला आग लागायचा धोका वेगळाच.

ओळखायचं कसं?

गॅरेजमध्ये वापरला जाणारा क्रम आजही कामाचा आहे.

सगळ्यात आधी पातळी. गाडी सपाट जागेवर लावा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा घालून बघा. ऑइल बदललं त्या दिवशीची खूण आणि आजची खूण ताडून पाहा. हे महत्त्वाचं आहे, कारण कित्येकदा गॅरेजवाल्यानेच ऑइल जास्त ओतलेलं असतं. खूण जास्त आहे एवढ्यावर निदान होत नाही. ती वर सरकतेय का, हा खरा प्रश्न.

मग वास आणि स्पर्श. चाललेल्या ऑइलला जळका वास असतो आणि पेट्रोल गाडीत त्याला पेट्रोलचा अगदी हलका वास येऊही शकतो. पण डिपस्टिक बाहेर काढल्याबरोबर वास नाकात भरला आणि ऑइल डिपस्टिकवरून पाण्यासारखं ओघळलं, तर शंका पक्की होते. काडी ओढून ऑइल पेटतं का बघायचा आचरटपणा मात्र कोणी करू नये.

तिसरी परीक्षा कागदाची. टिपकागदावर ऑइलचा एक थेंब टाकून काही तास तसाच ठेवायचा. मधला काळा डाग काजळीचा, त्याभोवतीचं तेलकट कडं ऑइलचं. पेट्रोल किंवा डिझेल मिसळलेलं असेल तर त्याच्याही बाहेर एक फिकट कडं लांबवर पसरतं. ही परीक्षा प्रमाण सांगत नाही, दिशा दाखवते.

चौथी गोष्ट म्हणजे इंजिन गरम झाल्यावर ऑइलचा दाब. गाडी सिग्नलला उभी असताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकू लागला, तर ऑइल पातळ झाल्याचं ते लक्षण असू शकतं. पण झिजलेल्या बेअरिंगमुळे किंवा ऑइल पंपामुळेही हा दिवा लागतो. त्यामुळे एकट्या दिव्यावर जायचं नाही.

पाण्याची आणि पेट्रोलची गल्लतही व्हायला नको. रेडिएटरचं पाणी ऑइलमध्ये गेलं तर ऑइल दुधाळ, कॉफीसारखं दिसतं आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होतं. पेट्रोल गेलं तर रंग दुधाळ होत नाही.

आणखी एक फसवी जागा आहे. सोलापूर शहरात रोज दोन-तीन किलोमीटर फिरणारी गाडी घ्या. इंजिन पुरतं तापतच नाही, पेट्रोल ऑइलमध्ये साठत राहतं आणि डिपस्टिकवर पातळी बरोबर दिसते, कारण घटलेल्या ऑइलची जागा पेट्रोलने भरलेली असते. मग एक दिवस ती गाडी पुण्याला निघते. अडीचशे किलोमीटरच्या तापलेल्या प्रवासात पेट्रोलची वाफ होऊन जाते आणि पोचल्यावर बघावं तर ऑइल किमान खुणेच्या खाली. मालकाला वाटतं इंजिन ऑइल प्यायला लागलं. खरं तर ते आधीच कमी झालेलं असतं.

नक्की प्रमाण हवं असेल तर ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत जातो. तिथे ऑइलची जाडी आणि ते कितव्या तापमानाला पेट घेतं हे मोजतात. साधारण २ टक्क्यांपुढे इंधन आढळलं की लक्ष घालायला सांगतात, ५ टक्के म्हणजे काम काढायची वेळ. ४ लिटर ऑइलात ५ टक्के म्हणजे २०० मिलिलिटर. चहाचे दोन कप समजा.

नुसतं ऑइल बदलून भागत नाही

इथे बरेच जण चुकतात. ऑइल बदलतात, वास जातो, आणि महिन्याने पुन्हा तेच. कारण सापडल्याशिवाय ऑइल बदलणं म्हणजे छत गळत असताना फरशी पुसणं.

फियाटमध्ये मेकॅनिक आधी पंप खोलून डायफ्राम बघतो. तो ठीक असेल तर चारही प्लग काढतो. एकच प्लग काळा-ओला असेल तर दोष त्या सिलेंडरपुरता, म्हणजे ठिणगी किंवा रिंगा. चारही काळे असतील तर पेट्रोल सगळीकडेच जास्त जातंय, म्हणजे चोक किंवा कार्ब्युरेटर. रिंगांची शंका असेल तर कॉम्प्रेशन मोजायचं, मग सिलेंडरमध्ये थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. दुसऱ्यांदा आकडा चांगला वाढला तर रिंगा झिजल्या आहेत.

आजच्या गाड्यांत एसी पंपही नाही आणि कार्ब्युरेटरही नाही, पण विचार हाच चालतो. इंजेक्टर गळतोय का हे बघायला इंजिन बंद केल्यावर इंधनाचा दाब टिकतो का ते तपासतात. तापमानाचा सेन्सर बिघडला तर इंजिन कायम थंड आहे असं समजून कॉम्प्युटर जास्त पेट्रोल देत राहतो, म्हणजे जणू चोक ओढलेलाच राहिला. डिझेल गाडीचा धुराचा फिल्टर स्वतःला साफ करताना जादा डिझेल सोडलं जातं आणि शहरातल्या तुटक प्रवासात ही सफाई अर्धवट राहिली की ते डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिझेलचा वास पेट्रोलसारखा पटकन येत नाही, ते उडूनही जात नाही. त्यामुळे तिथे पातळीवरच जास्त लक्ष ठेवावं लागतं.

दोष काढला की ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदलायचे. तोवर गाडी चालवायची नाही. आणि काढलेलं ऑइल गटारात ओतायचं नाही.

हट्टाची किंमत आणि कमाई

वालचंद यांच्या हट्टाची दुसरी बाजूही आहे. परदेशी स्पर्धा बंद झाल्यावर ग्राहकाला निवड उरली नाही. फियाटसाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावले. जगातल्या गाड्या बदलत गेल्या आणि कुर्ल्याची गाडी बरीचशी तशीच राहिली. १९८० च्या दशकात मारुती आल्यावर तिचं वय दिसायला लागलं. प्रीमियर कंपनीला ते दिवस पुन्हा आले नाहीत.

पण तीच गाडी चाळीस वर्षं टिकली म्हणून तिचा डायफ्राम, तिचे प्लग, तिच्या रिंगा तालुक्याच्या दुकानात मिळू लागल्या. एकाने दुसऱ्याला शिकवावं असं इंजिन गॅरेजवाल्यांना मिळालं. बोटीने येणाऱ्या पेटीची वाट बघायची गरज संपली. लॉयल्टी जहाजाच्या वेळी वालचंद यांना जे हवं होतं, वापरणाऱ्याला ते खोलता यावं आणि दुरुस्त करता यावं, ते मोटारीच्या बाबतीत खरं झालं.

सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाला आणि सोलापूरच्या वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीला त्यांचं नाव आहे. तिथून दरवर्षी इंजिनिअर बाहेर पडतात. त्यांच्या नावाची पाटी नसलेल्या गॅरेजांमध्येही सुरुवात अजून त्याच तपासणीने होते. डिपस्टिक काढायची, पुसायची, पुन्हा घालायची, बघायची. पुढच्या रविवारी तुमच्या गाडीचीही एकदा बघून ठेवा, आणि खूण कुठे आहे ते लिहून ठेवा.